दहा गुंजा मीठ

मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते आपली संध्येची चांदीची पळी तेजाबात विरघळवत बसले होते. भर दुपार, खिडकीला घोंगडी लावलेली, खोलीत नाकाला झोंबणारा वास, आणि त्या अर्धवट उजेडात काचेच्या वाटीत पळीचा दांडा हळूहळू बारीक होत चाललेला. मला बसा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही.

"बघा," ते म्हणाले, "पळी गेली. पण कुठंच गेली नाही."

मी वाकून पाहिलं. वाटीतलं पाणी निळसर झालं होतं. त्यावर ते इतके खूश झाले की विचारू नका. निळं झालं म्हणजे सोनारानं चांदीत तांबं घातलं होतं, आणि घातलं होतं तर ते किती हे काढता येणार होतं. सोनारानं आपल्या आजोबांना फसवलं याचं त्यांना काही वाटलं नाही, किती फसवलं हे कळणार याचाच आनंद. आतल्या दारात त्यांची मोठी बहीण, आक्का, उभी होती. बालविधवा, लाल अलवणातली, साठीला आलेली. ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "पंचपात्र मी लपवून ठेवलंय."

आम्ही दोघं ठाण्याच्या एकाच शाळेत मास्तर होतो. मी मराठी आणि संस्कृत शिकवायचो, ते गणित. त्याआधी सात-आठ वर्षं ते मुंबईत एका प्रयोगशाळेत होते. बाटल्या धुण्यापासून सुरुवात करून पुढं वजनं करण्यापर्यंत पोचले होते. तिथल्या साहेबाशी त्यांचं बिनसलं ते तिसऱ्या दशांश स्थळावरून. साहेब म्हणाला चार, हे म्हणाले पाच. दोघंही हटले नाहीत, आणि पगार साहेब देत असल्यामुळे यांना ठाण्याला यावं लागलं. येताना मुंबईहून एक काटा, डझनभर काचेची भांडी, तेजाबाच्या दोन बाटल्या आणि तो पाच एवढं घेऊन आले. त्या पाचाबद्दल ते आयुष्यभर बोलत.

त्यांच्याशी साधं बोलणं कठीण होतं. ऊन फार आहे म्हटलं की ते विचारत, "किती?" आमच्या हेडमास्तरांना एकदा ताप आला होता. बराच ताप होता, असं ते सांगायला लागले तर हे तोंड उघडायच्या आत मी यांच्या पायावर पाय दिला. माणूस वाईट नव्हता हो. कुणाला खिजवायचं म्हणून ते विचारत नसत. जगात कुठलीही गोष्ट एकटी नसते, प्रत्येकीत दुसरं काहीतरी मिसळलेलं असतं, आणि ते किती हे कळल्याशिवाय त्यांना त्या गोष्टीकडे नीट बघताच येत नसे. आमटीचा घास घेऊन ते डोळे मिटून बसत. आक्का वैतागून म्हणायची, "अरे, जेव. तुझ्या हिशेबासाठी नाही केली ती."

मुलं त्यांना गुंजमास्तर म्हणत. त्याचं असं होतं, की मुंबईच्या काट्याबरोबरची बारीक वजनं प्रवासात कुठंतरी हरवली. दुसऱ्या कुणी नवी मागवली असती. यांनी बाजारातून पायलीभर गुंजा आणल्या आणि एक उन्हाळाभर बसून त्यातल्या अगदी एकसारख्या वजनाच्या शंभर निवडल्या. लाल, काळ्या टिकल्याच्या, डोळ्यासारख्या दिसणाऱ्या त्या शंभर बिया एका लाकडी डबीत कापसावर ठेवलेल्या असत. गुंजेहून लहान वजनासाठी पितळेच्या तारेचे तुकडे. बाकीच्या पायलीभर गुंजा त्यांनी वाटून टाकल्या. त्या वर्षी ठाण्यातल्या निम्म्या पोरींच्या गळ्यात गुंजांच्या माळा होत्या.

मला रसायनातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी मिसळलेल्या दोन गोष्टी वेगळ्या न करता त्यांचं प्रमाण कसं काढायचं हे मला त्यांच्यामुळे समजलं. वर्गात ते फळ्यावर शेळ्या आणि कोंबड्या काढत. चित्रं भयंकर असत. शेळी कुठली आणि कोंबडी कुठली हे पायांवरूनच ओळखायचं.

"अंगणात दहा डोकी आहेत आणि सव्वीस पाय," ते म्हणत. "आत न जाता सांगा, शेळ्या किती?"

सगळ्या कोंबड्या असत्या तर वीस पाय झाले असते. सहा जास्त आहेत. प्रत्येक शेळी दोन पाय जास्त आणते, म्हणजे शेळ्या तीन. एवढं पोरांनाही यायचं. पण मग ते आवाज उतरवून, कुणी ऐकेल की काय अशा बेतानं सांगत, की सगळ्या सृष्टीचं असंच आहे. काटा डोकी मोजतो. मग त्यात असं काही घालायचं की आतले पाय बाहेर दिसतील. हे बोलताना ते खिडकीबाहेर बघत राहत आणि तास संपल्याची घंटा त्यांना ऐकू येत नसे.

शाळेच्या भिंतीला गिलावा करायचा होता तेव्हाची गोष्ट. चुना कल्याणच्या भट्टीतून आला होता. खाडीतले शिंपले भाजून करतात तो. यांनी त्यातली चिमूट घरी नेली, वजन केलं, कोळशावर लाल होईपर्यंत भाजली, परत वजन केलं. कच्चा शिंपला भाजला की वजनात घटतो, शंभराचे छप्पन्न उरतात. भाजलेला चुना घटत नाही. दुसऱ्या दिवशी येऊन हेडमास्तरांना म्हणाले, यात तिसरा हिस्सा कच्चा आहे. गवंडी चिडला. तीस वर्षं चुना मळतोय मी, म्हणाला. मग त्यानंच एक मोठा खडा थापीनं फोडला, आणि आत अख्खे शिंपले निघाले, रेघांसकट. गवंड्यानं यांच्याकडे असं पाहिलं की जणू यांनीच ते आत ठेवले होते. त्या दिवसापासून गावात यांचा शब्द म्हणजे शब्द झाला. पुढं जे झालं त्याचं मूळ मला या चुन्यात दिसतं. एकदा माणसाचं बरोबर आलं की लोक ऐकायला लागतात, आणि तोही स्वतःचंच ऐकायला लागतो.

पण त्यांची आठवण काढली की मला आधी दिसते ती होडी.

उल्हास नदी कुठं संपते हे त्यांना शोधून काढायचं होतं. कल्याणच्या वर नदीचं पाणी गोडं, ठाण्याच्या बाजूला खाडीचं खारं. मग मधे कुठंतरी नदी संपून समुद्र सुरू होत असणार. ती जागा कुठली? माघातल्या एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला सकाळीच उठवून होडीत घातलं. बरोबर बुचाच्या चोवीस बाटल्या आणि आक्कानं दिलेल्या दशम्या. भरती लागली होती. पाणीच आम्हाला कल्याणकडे नेत होतं, नाखवा नुसतं सुकाणू धरून बसला होता. कळवा मागं गेलं, मुंब्र्याचा डोंगर बराच वेळ आमच्याबरोबर चालल्यासारखा वाटला, मग तोही मागं राहिला. दोन्ही काठांना तिवरं आणि त्यामागं कापून झालेली भातशेतं, डोंबिवलीची चार कौलं दूर झाडीत. धुकं उठत होतं. पाण्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. हे मधून मधून वाकून एक बाटली भरत, बूच लावत, चिठ्ठी चिकटवत आणि परत गप्प. मला झोप येत होती आणि येतही नव्हती. असं वाटत होतं की आम्ही कुठं पोचणारच नाही, आणि नाही पोचलो तरी चालेल.

नाखव्यानं शेवटी विचारलं, "मास्तर, इतका पानी कशाला नेताव?"

यांनी सांगितलं. तो हसला नाही. थोडा विचार करून म्हणाला, "मासलीला विचारा ना. तिला ठावं हाय."

पुढचे तीन आठवडे त्यांनी त्या बाटल्यांवर घालवले. चांदीचं पाणी, म्हणजे तेजाबात विरघळवलेली चांदी, घालायची, की मिठाच्या पाण्यात दूध नासल्यासारखा पांढरा साका उतरतो. जितकं मीठ तितका साका. हा साका उजेड सोसत नाही. उन्हात ठेवला तर बघता बघता जांभळट होतो, म्हणून ती घोंगडी. मी शाळेतून त्यांच्याकडे जाऊन त्या काळोख्या खोलीत बसायचो. एकामागून एक बाटली. मुंब्र्याची भरपूर दाट, दिव्याची जरा कमी, डोंबिवलीची त्याहून कमी, कल्याणच्या बंदरावरची अगदी झिरझिरीत. शेवटची बाटली कल्याणच्याही वरची, जिथं बायका प्यायचं पाणी भरतात तिथली. तिच्यातसुद्धा, खूप वेळानं, धुरासारखं काहीतरी उतरलं.

"नाही," ते म्हणाले. "अशी जागाच नाही." आणि इतके समाधानी दिसले की जणू त्यांना ती सापडली होती.

आता नागूबायची गोष्ट. ती सांगायचं मी इतका वेळ टाळतोय हे मला कळतंय.

कोपरीच्या पलीकडे खाडीला लागून मिठागरं होती. त्यातलं एक नागूबाय नावाची आगरीण चालवत होती. नवरा वारलेला, दोन सुना हाताशी. आगर तिच्या सासऱ्यापासून त्यांच्याकडे, पण परवाना सरकारचा. मिठागरात खाडीचं पाणी उन्हानं आटतं आणि मीठ धरतं हे आपल्याला माहीत असतं. पण सगळं मीठ धरून झाल्यावर तळाशी थोडं पाणी उरतं, ते कडू. ते भरतीबरोबर खाडीत सोडून द्यायचं असतं. एखादा लबाड ते तसंच आटू देतो, मग कडू मीठ चांगल्यात मिसळून वजनाला चढतं. कल्याणच्या एका व्यापाऱ्यानं तक्रार केली की नागूबायचं मीठ कडू आहे. खरं ठरलं तर आगर तिच्याकडून काढून दुसऱ्याला मिळणार होतं. दुसरा कोण हेही सगळ्यांना माहीत होतं, त्या व्यापाऱ्याचाच माणूस.

मिठाच्या कचेरीतल्या अंमलदारांनी चुन्याची गोष्ट ऐकली होती. त्यांनी मिठाची मोहोर केलेली पिशवी शिपायाबरोबर यांच्याकडे पाठवली. शिपायाच्या मागोमाग नागूबाय स्वतः आली. आपल्या मिठाचं काय करतात ते तिला बघायचं होतं. चैत्र सरत आला होता. ऊन असं की अंगणात पाऊल ठरत नव्हतं. मीही तिथं होतो. हे आत भांडी मांडत होते आणि ती अंगणाच्या कडेला बसून होती.

अंगणात त्यांचा भबका होता. एका तांब्याच्या भांड्यात पाणी उकळायचं, वाफ नळीतून नेऊन गार करायची आणि थेंब थेंब बरणीत धरायची. त्या पाण्यात काही म्हणजे काही नसतं. गल्लीतल्या लोकांना वाटायचं मास्तर दारू गाळतात. पंधरा दिवसांचं पाणी एका मोठ्या चिनी मातीच्या बरणीत साठवलेलं असे, आणि ती बरणी त्या दिवशी उन्हात होती. नागूबायनं ती उचलून सावलीत ठेवली. मी पाहिलं. तिनं ते इतकं सहज केलं की पाहून मी विसरूनही गेलो. स्वयंपाकघराच्या दारातून आक्कानंही पाहिलं.

हिशेब सोपा होता. चोख मीठ दहा गुंजा घेतलं तर चांदीच्या पाण्यानं साडेचोवीस गुंजा साका पडतो. नुसतं कडू मीठ दहा गुंजा घेतलं तर तीस गुंजांच्या किंचित वर. म्हणजे हे आपलं कोंबड्या-शेळ्यांचंच गणित. साडेचोवीसच्या वर जितकं जास्त, तितकं कडू जास्त. यांनी दहा गुंजा मीठ तोललं, वाळवलं, बरणीतल्या पाण्यात विरघळवलं, साका पाडला, गाळला, धुतला, अंधारात सुकवला, तोलला. सव्वापंचवीस. परत केलं. सव्वापंचवीस. तिसऱ्यांदा केलं, तारेच्या एका बारक्या तुकड्याचा फरक. आठवा हिस्सा कडू.

चौथ्या दिवशी नागूबाय परत आली. यांनी तिला अंगणात उभं राहून सगळं समजावून सांगितलं, डोकी, पाय, सगळं. तिनं ऐकून घेतलं.

"मास्तर, तो पानी मी आगरान ठेवतच नाय," ती म्हणाली. "भरतीचे येली खारीन सोरून देतंय. मोजताव तं मोजा. पन येक डाव चाखून बगा ना." तिनं पदराची गाठ सोडून मूठभर मीठ पुढं केलं.

"जिभेचा काय भरवसा, बाई," हे म्हणाले. "तीनदा तोललंय मी."

तिनं ती मूठ माझ्यापुढं धरली. मी दोन खडे घेतले आणि ती गेल्यावर तोंडात टाकले. खारट होते. नुसते खारट, स्वच्छ. कडूचा मागमूस नव्हता. मी यांच्याकडे पाहिलं. ते आपल्या वळणदार अक्षरात अहवाल लिहीत होते, आणि ते लिहीत असताना मी गप्प बसलो. मला रसायन येत नव्हतं, हे माझं कारण. आजही मी ते स्वतःला सांगतो, आणि आजही ते मला पटत नाही.

आठ-दहा दिवस गेले. परवाना काढून घेण्याचा हुकूम तयार होतोय असं कानावर आलं. एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. चांदीचं पाणी संपलं होतं आणि ते रिकामी बाटली खंगाळत होते. बरणीतलं पाणी ओतलं, बाटली हलवली, आणि हात थांबला. बाटलीत पांढरं धुकं उतरत होतं.

मलाही कळलं. त्या पाण्यात काही नसायला हवं होतं.

त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली. मग त्यांनी अगदी हळू हाक मारली, "आक्का, या बरणीतलं पाणी कुठलं?"

आक्का पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "विहिरीचं. ते जुनं मी त्याच दिवशी ओतून टाकलं. त्या बाईनं हात लावला होता. बरणी राखेनं घासली, सोवळ्यात पाणी भरलं आणि होती तिथं ठेवली. तिच्यादेखत बोलायला बरं दिसलं नसतं, आणि तुला सांगितलं असतं तर तू कटकट केली असतीस. पाण्यासारखं पाणी."

आमच्या ठाण्याच्या खाडीकडच्या विहिरी. पाणी थोडं मचूळ, पण जन्मापासून तेच पीत आलेल्यांना ते गोडंच लागतं. दहा गुंजा मिठात तेवढी पाऊण गुंज साका जास्त आणायला ते पुष्कळ झालं. तीनदा केलं, तीनही वेळा तीच बरणी.

मला वाटलं ते आक्कावर ओरडतील. ते खाली बसले. "अंगणात तिसरं कुणी आहे का," ते म्हणाले, "हे मी विचारलंच नाही." मग त्यांनी आक्काला सगळं सांगितलं. नागूबायचं आगर, परवाना, हुकूम. आक्काचे पिठाचे हात तसेच राहिले. "मला काय माहीत," ती म्हणाली, "पाणीसुद्धा तोलतात म्हणून." आणि मग तिनं जे केलं ते मी कधी विसरणार नाही. ज्या भबक्याकडे तिनं इतक्या वर्षांत ढुंकूनसुद्धा पाहिलं नव्हतं, त्याच्याखाली तिनं स्वतः जाळ घातला आणि दिवसभर तिथं बसून राहिली. थेंब पडत होते आणि ती बघत होती. मी संध्याकाळी निघालो तेव्हा तिचे डोळे धुरानं लाल झाले होते. धुरानं म्हणतो आपण.

पिशवीत जेमतेम दहा गुंजा मीठ उरलं होतं. चुकायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, साडेचोवीस आणि वर तारेचा सगळ्यांत बारका तुकडा. ज्याला काहीच म्हणत नाहीत एवढं कडू.

आम्ही दोघं कचेरीत गेलो. अंमलदार सज्जन गृहस्थ होते. त्यांनी ऐकून घेतलं, दार लोटलं आणि म्हणाले, "मास्तर, नमुना दमट झाला होता असं लिहा. मी हुकूम थांबवतो. बाईचं काम होईल आणि तुमचं नावही राहील."

"दमट नव्हता तो," हे म्हणाले.

"अहो, पण घरातलं सोवळं-ओवळं सरकारी कागदावर कशाला? घरात वडीलधारी बाई आहे तुमच्या."

यांनी तिथंच बसून लिहिलं. मी मागून वाचत होतो. "सदर बाईचा हात लागला म्हणून माझ्या घरातील शुद्ध पाणी ओतून देण्यात आले व त्या जागी विहिरीचे भरण्यात आले. मी ते न तपासता वापरले. मीठ चोख आहे. चूक माझी." आक्का आदल्या दिवशी म्हणाली होती, माझं नाव लिही. ते त्यांनी लिहिलं नाही. तरी चार दिवसांत सगळ्या गावाला कळलं. निम्मे लोक हसले, निम्मे चिडले. बहिणीचं सोवळं चव्हाट्यावर मांडलं म्हणून आळीतल्या दोन घरांनी त्यांना सणासुदीचं, मुंजीचं बोलावणं बंद केलं. कचेरीतून पुन्हा कधी पिशवी आली नाही. वर्गात पोरं शेळ्या-कोंबड्यांना खिदळायला लागली. ते तसंच शिकवत राहिले, फक्त गणित घालून झालं की आता विचारत, "आणखी कोण असू शकेल?"

हुकूम रद्द झाला त्याच दिवशी ते नागूबायला सांगायला आगरावर गेले. मला बरोबर नेलं. दुपार होती. सगळीकडे पाणी आणि मीठ, आणि वर तेवढंच पांढरं आभाळ. कुठं काय संपतं ते समजत नव्हतं. बांधावरून चालताना स्वतःचे पाय आपले वाटत नव्हते. लांबून तीन बायका वाकून मीठ ओढताना दिसत होत्या आणि आम्ही कितीही चाललो तरी त्या तेवढ्याच लांब राहत होत्या.

नागूबायनं काम थांबवलं. यांनी सांगितलं. काहीच गाळलं नाही. बरणी, हात, विहीर, सगळं सांगितलं. मग त्यांनी तिची माफी मागितली. एका मास्तरानं आगरणीची माफी मागितलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, त्यानंतरही नाही.

"पानी तापत व्हता," ती म्हणाली. "म्हनून सावलीन ठेवला मी. येवराच."

"हो," हे म्हणाले.

ऊन मी म्हणत होतं. यांचे ओठ सुकले होते. तिच्या खोपटीच्या दाराशी माठ होता, त्यावर ओलं फडकं. हे म्हणाले, "बाई, थोडं पाणी द्याल?"

मी चपापलो. मला त्या क्षणी वाटलं की आता ती देईल, हे पितील आणि सगळं मिटेल. नागूबायनं माठाकडे पाहिलं, मग यांच्याकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"नको मास्तर," ती म्हणाली. "माझे हातचा पानी नको. परत तुमचा कायतरी चुकंल." आणि ती मीठ ओढायला गेली.

आम्ही बांधावरून परत निघालो. ते पुढं, मी मागं. चालता चालता ते म्हणाले, "आक्काचा यात किती हिस्सा आणि माझा किती, हे मी मांडून बघतोय, जमत नाहीये." त्यांची पाठ बघत मी चालत होतो. मग मला राहवलं नाही.

"मी मीठ चाखलं होतं," मी म्हणालो. "त्याच दिवशी. कडू नव्हतं ते."

ते थांबले, पण वळले नाहीत. दोन्ही बाजूंना पाणी चकाकत होतं.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही तीनदा तोललं होतं."

ते पुन्हा चालायला लागले. पाच-पंचवीस पावलांनंतर त्यांचा आवाज आला, इतका हळू की मला पुढं सरकावं लागलं. "बोलला असतात," ते म्हणाले, "तरी मी ऐकलं नसतं."